बापाच्या तोंडची चार वाक्यं

श्रीपती ओव्हाळ शूटिंगला पहिल्या दिवशी आले ते जेवणाचा डबा घेऊनच. खंडाळ्याच्या घाटात, रेल्वेच्या रुळांवर, गँगमन म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. कामाला निघायचं म्हणजे डबा घ्यायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. सुहास नावाच्या दिग्दर्शकाने त्यांना खंडाळा स्टेशनाबाहेर चहा पिताना पाहिलं आणि आपल्या सिनेमातल्या बापाच्या भूमिकेसाठी तिथंच पक्कं करून टाकलं. श्रीपतींचं म्हणणं एवढंच होतं, की मला पाठांतर होणार नाही. सुहास म्हणाला, पाठ करूच नका, नुसतं बोला.

शूटिंग कुरवंड्याला, नागफणीच्या समोरच्या माळावर होतं. आवाजाचं काम अम्मारा तांबोळीकडे होतं. ती लोणावळ्याचीच. तिचे वडील अजीमभाई मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने देत. खंडाळ्यातल्या बौद्ध वस्तीतल्या जयंतीला वर्षानुवर्षं त्यांचेच कर्णे लागत. अम्मारा पुण्यात ध्वनिमुद्रण शिकली आणि सिनेमाच्या मागे फिरू लागली. रोज सकाळी श्रीपतींच्या सदऱ्याच्या आत छोटा माइक चिकटवायचं काम ती करायची. ते शिंप्यासमोर माप द्यायला उभं राहावं तसे हात वर करून उभे राहत.

"अजीमभाईंची पोर व्हय तू?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "म्हंजी बाप आवाज वाढिवतो आन् लेक धरून ठिवती."

ती हसली. नंतर दृश्य संपल्यावर तिने सगळ्यांना मिनिटभर गप्प उभं केलं, कारण त्या जागेच्या शांततेचा आवाजही मागाहून लागतो. श्रीपतींना त्याची फार गंमत वाटली. "काय बी न बोलल्याचं रेकॉर्डिंग?" असं त्यांनी तिला दोन-तीनदा विचारलं. दुसऱ्या दिवसापासून ती म्हणायच्या आत तेच इतरांना "गप, गप, पोरीला काम करू द्या" म्हणून दटावायला लागले.

त्यांचं मुख्य दृश्य शेवटच्या दिवशी होतं. सिनेमातला मुलगा खूप वर्षांनी घरी येतो. बाप ओट्यावर बसलेला आहे. तो मान वर करतो आणि फक्त चार वाक्यं बोलतो. आलास व्हय? पाय धू. म्हस व्याली परवा. तुज्या वाटणीचा चीक ठिवलाय.

संध्याकाळच्या कलत्या उन्हात हे दृश्य हवं होतं. सगळी तयारी झाली आणि खालच्या अंगाला एका बंगल्यावर पर्यटकांनी स्पीकर लावला. प्रॉडक्शनचा माणूस खाली धावला. स्पीकर बंद झाला, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, पुन्हा कोणी तरी गेलं. अम्माराने यंत्र चालूच ठेवलं, कारण कोणत्याही क्षणी "घ्या" अशी हाक येणार होती. शेवटी ऊन डोंगराला टेकलं.

"अम्मारा, आता घ्यावंच लागेल," सुहास म्हणाला. "आवाज नंतर डब करू. आबा येतील पुण्याला. येणार ना आबा?"

"येतो की," श्रीपती म्हणाले.

स्पीकरचा दणका चालू असतानाच दृश्य घेतलं गेलं. श्रीपतींनी मान वर केली, मुलाकडे पाहिलं आणि ती चार वाक्यं अशी काही बोलले, की कॅमेऱ्यामागची माणसं हलली नाहीत. अम्माराच्या कानात मात्र त्यांच्या शब्दांवरून ते गाणं नांगरासारखं फिरत होतं.

मार्चमध्ये श्रीपती सकाळी अंघोळ करून आले, कॉटवर बसले आणि गेले. डबिंगची तारीख अजून ठरायची होती.

जलदानविधीला अम्मारा आपल्या वडिलांबरोबर खंडाळ्याला गेली. घरापुढे छोटा मांडव होता, पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली श्रीपतींचा फोटो ठेवला होता. वंदना झाली. अम्मारा उठायच्या बेतात होती, एवढ्यात तिच्या मागून आवाज आला, "बसा की. च्या घिऊन जा."

तो श्रीपतींचा आवाज होता. तोच घशात जरा अडकून मग सुटणारा सूर, वाक्याच्या शेवटी तसंच खाली बसणं. तिने वळून पाहिलं. पस्तिशीचा एक माणूस हातात चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

"हा माझा भाऊ," श्रीपतींची मुलगी तेजल म्हणाली. "प्रितमदादा. परंदवडीला असतो."

श्रीपतींनी शूटिंगच्या सगळ्या दिवसांत तेजलचं नाव शंभरदा घेतलं होतं. आपल्याला मुलगा आहे, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे अम्मारा त्या चार वाक्यांवर बसून होती. हल्ली आवाज साफ करणारी सॉफ्टवेअर आहेत. गाणं गेलं, पण श्रीपतींचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा यायला लागला. मग तिने इतर रेकॉर्डिंग चाळलं. दृश्याआधी वाट बघत असताना यंत्र चालू राहिलं होतं, त्यात चहावाला आल्यावर श्रीपती त्याला "आलास व्हय?" म्हणाले होते. नेमकं तेव्हा खालचं गाणं बंद होतं. तिने ते उचलून दृश्यात बसवलं. ओठांना बरोबर लागलं. पण उरलेली तीन वाक्यं ते दुसरीकडे कुठंच बोलले नव्हते.

मुंबईच्या एका अनुभवी आवाज-कलाकाराने प्रयत्न करून पाहिला. त्याने फार मन लावून काम केलं, आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "नाही जमत. या चेहऱ्याला माझा आवाज पाहुणा वाटतो."

"मग मशीन," सुहास म्हणाला. "आबांचा भरपूर आवाज आहे तुझ्याकडे. मशीनला शिकवला की ते हवं ते बोलून देतं. घरच्यांची परवानगी काढावी लागेल. ती मी काढतो."

"त्याआधी मला एक करून बघू द्या," अम्मारा म्हणाली, आणि तिने प्रितमबद्दल सांगितलं.

"मुलगा म्हणजे ओझंच घालणं झालं त्याच्यावर," सुहास म्हणाला. "पण विचारून बघ."

प्रितम परंदवडीत दोन खोल्यांच्या घरात राहत होता. जवळच्याच एका कारखान्यात, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेसवर त्याचं काम होतं. अम्मारा गेली तेव्हा तो नुकताच पहिल्या पाळीवरून आला होता. त्याच्या बायकोने, अनिताने, पाणी आणि चहा दिला. अम्माराने सगळं सांगितलं. प्रितम मान खाली घालून ऐकत राहिला.

"आमचं बोलणं न्हवतं, मॅडम," तो म्हणाला. "तुमाला म्हाईत न्हाई का?"

"नाही."

"आईच्या छातीत दुखाया लागलं तवा मी दुसऱ्या पाळीला व्हतो. माझ्याकडं गाडी हाय म्हणून आबा मला फोनावर फोन करत व्हते. आन् फोन गेटवर. आत न्यायची परवानगीच न्हाई. त्यांनी वाट बघितली. मग रिक्षा केली. वाटंतच गेली ती." तो थांबला. "मी पोचलो तवा आबा नुसते बघत व्हते माझ्याकडं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलणंच टाकलं त्यांनी. पयलं वरीसभर मी जात व्हतो. मी आलो की ते उठून भाईर जायचे. मग मी बी जायचं सोडलं."

"दादा, मला हे ठाऊक असतं तर—"

"तुमचं काय चुकलं न्हाई. पण तुमीच सांगा. जिता व्हता तवा त्यो माझं तोंड बघत न्हवता. आता त्याच्या तोंडात माझा आवाज घालता?"

अम्माराने चहा संपवला, माफी मागितली आणि निघाली. अनिता तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

सुहासने मग तेजलला फोन केला. परवानगी देण्याआधी तेजलने भावाला विचारलं, कारण बाप दोघांचा होता. त्यानंतर दोन दिवसांनी प्रितमचा अम्माराला फोन आला.

"त्या मशीनचं खरं हाय का? मशीन आबांवाणी बोलणार?"

"बोलेल. अगदी हुबेहूब नाही, पण लोकांना कळणार नाही."

"तेजलला कसंतरी झालं ऐकून. ती म्हणली, तुला जमत नसंल तर मी सही करीन." मग तो म्हणाला, "मला सुट्टी गुरुवारी आसती. जमंल न जमंल, मी सांगत न्हाई."

गुरुवारी सकाळी तो पुण्यातल्या स्टुडिओत आला. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. जाड भिंतींची ती खोली, मधोमध उभा माइक, समोर पडदा. अम्माराने त्याला हेडफोन दिले आणि समजावलं, की तीनदा टिक्‌ वाजेल, चौथा वाजायला हवा तिथं बोलायचं, ओठ बघत राहायचं.

पडद्यावर श्रीपती आले. ओट्यावर बसलेले, खांद्यावर टॉवेल. त्यांनी मान वर केली आणि सरळ प्रितमकडे पाहिलं. निदान प्रितमला तरी तसंच वाटलं असावं, कारण त्याने नजर खाली टाकली आणि वाक्य चुकलं.

पुन्हा लावलं. या वेळी तो बोलला, पण केवढ्याने! प्रेसच्या दणदणाटात वर्षानुवर्षं ओरडून बोलायची सवय झालेली. "पाय धू" हे वाक्य हुकमासारखं आलं. काचेपलीकडे सुहासने कपाळाला हात लावला, पण माइकवर तो शांतपणे म्हणाला, "छान, अजून एकदा." अजून एकदा केलं. मग आणखी. प्रितमच्या शर्टाला काखेत घाम आला. हळू बोलायला गेला की आवाज त्याचा राहत नव्हता, आणि मोठ्याने बोलला की बापाचा राहत नव्हता.

"थांबू या," अम्मारा म्हणाली. ती आत जाऊन त्याच्याजवळ स्टुलावर बसली.

प्रितमने हेडफोन काढले. "एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्याकडं त्यांचं लय रेकॉर्डिंग हाय म्हणता. मधल्या येळचं बी. माझ्याविषयी काय बोलले का कधी?"

असा प्रश्न येणार, याची अम्माराला सकाळपासून धास्ती वाटत होती. शब्द शोधताना तिने ते सगळं रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. आता 'हो' म्हणणं फार सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण ज्या माणसाच्या छातीजवळ तिने रोज स्वतःच्या हाताने माइक चिकटवला होता, त्याच्या नावाने खोटं बोलणं तिच्या जिभेवर येईना.

"नाही दादा," ती म्हणाली. "तुमचं नाव नाही. आईंचंही नाही."

त्याने मान हलवली. त्याला दुसरं काही अपेक्षित नसावं. तरी त्याचा चेहरा जरा विझला.

"मग काय बोलत व्हते?"

"ऐकता?"

तिने ते वाट बघतानाचं लांबलचक रेकॉर्डिंग त्याच्या हेडफोनमध्ये लावलं. मुलाचं काम करणाऱ्या नटाशी श्रीपती बोलत होते. गुडघे दुखतात म्हणाले. तिखट कमी केलं तरी पित्त होतं म्हणाले. घाटात पावसाळ्यात दरड आली की हातात लाल झेंडी घेऊन गाडीसमोर कसं पळायचं, ते सांगितलं. चहावाला आला, त्याला "आलास व्हय?" म्हणाले. मग नटाने काही तरी गंमत केली आणि श्रीपती हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग पोट धरून. हसता हसता "आरं बास, मरंन म्या" म्हणाले आणि पुन्हा हसले.

प्रितम डोळे मिटून ऐकत होता. ते हसणं आलं तेव्हा त्याने अम्माराच्या हाताला हात लावून खूण केली, परत लाव. तिने परत लावलं.

"असे हसायचे ते?" तो म्हणाला. "आई व्हती तवर ऐकलंय. नंतर न्हाई. मला वाटलं आईसंगट गेलं ते." आणि मग तो रडायला लागला. मोठा, हाडापेराचा माणूस, स्टुलावर वाकून. अम्माराने माइक बंद केला. काचेपलीकडे सुहास उठून बाहेर निघून गेला.

बराच वेळ गेला. प्रितमने रुमालाने तोंड पुसलं.

"किती हळू बोलायचे," तो म्हणाला. "मी कारखान्यात लागल्यापासनं घरी गेलो की ते म्हणायचे, वरडतो कशाला, हितंच बसलोय. मला वाटायचं रागावलेत."

"तसंच बोला," अम्मारा म्हणाली. "हितंच बसलेल्या माणसाशी."

तिने आधी श्रीपतींचं स्वतःचं "आलास व्हय?" लावलं आणि त्याच्या पाठोपाठ प्रितमला बोलायला सांगितलं. पडद्यावर त्यांनी मान वर केली. "आलास व्हय?" बाप म्हणाला. या वेळी प्रितमने नजर काढली नाही.

"पाय धू," तो म्हणाला. "म्हस व्याली परवा." थोडं थांबला, जसे पडद्यावरचे ओठ थांबले होते. "तुज्या वाटणीचा चीक ठिवलाय."

सुहास दारात येऊन उभा राहिला होता. "झालं," तो म्हणाला. अम्माराने खबरदारी म्हणून आणखी दोनदा घेतलं, पण सिनेमात ते पहिलंच राहिलं.

सिनेमा तयार झाल्यावर सुहासने लोणावळ्यातला एक छोटा हॉल घेऊन काम केलेल्या सगळ्यांना आणि कुरवंड्याच्या गावकऱ्यांना दाखवला. तेजल नवऱ्याबरोबर आली, प्रितम अनिताला घेऊन आला. अजीमभाई पहिल्या रांगेत बसले. चार वाक्यांचं ते दृश्य आलं तेव्हा हॉल गप्प होता. मागून कुरवंड्याच्या झुंबरबाई मोठ्याने म्हणाल्या, "बगा, श्रीपतीभाऊ जसाच्या तसा," आणि कुणी तरी त्यांना गप्प केलं.

संपल्यावर सगळे बाहेर आले. तेजलचे डोळे सुजले होते.

"दादा, तुझं कुठलं होतं?" तिने विचारलं.

"पयलं आबांचं. बाकी माझं."

"खोटं. म्हशीचं आबांचं होतं. मी ओळखलं."

"माझंच ते."

तेजल त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, लहानपणी मारत असेल तशी. दोघं हसले. अम्मारा जरा अंतरावर उभी होती. ती जवळ आली आणि तिने त्यांना एक पेनड्राइव्ह दिला. आबांच्या गप्पांचं ते अख्खं रेकॉर्डिंग त्यात होतं, मधल्या गाण्यांसकट.

प्रितमने तो हातात उलटासुलटा केला. "आबांचं झालं," तो अम्माराला म्हणाला. "आईचा आवाज कुटंच न्हाई, ताई. तवा कुणाच्या डोक्यात बी आलं न्हाई."

तेजल एकदम म्हणाली, "आहे की! तुझ्या लग्नाच्या शूटिंगमध्ये. पंगतीत आई केवढ्याने ओरडतेय, आरं भात आणा, भात आणा. आबा तिला गप्प करतायत."

"ती सीडी? ती चालंना म्हणून ठिवून दिली व्हती."

"कुठे आहे?" अम्माराने विचारलं.

"खंडाळ्याच्या घरात. पत्र्याच्या पेटीत असेल," तेजल म्हणाली. "नाही तर माळ्यावर."

"चरे पडले असतील, पण बघते मी काय निघतंय ते," अम्मारा म्हणाली. "आधी ती शोधा."

अजीमभाईंनी गाडी काढली. प्रितमने अनिताकडे पाहिलं. तिने चला म्हणून मान हलवली. मग पेटीची किल्ली कुणाकडे आहे, यावरून बहीणभावाचा वाद सुरू झाला, आणि वाद घालतच ते सगळे खंडाळ्याला जायला गाडीत बसले.